पाटलांचं गाव कोणतं?

परदेशात दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की पहिला प्रश्न नावाचा, दुसरा कंपनीचा आणि तिसरा हमखास "मूळ गाव कुठलं हो?" हा असतो. समोरचा पुण्यात जन्मलेला, बंगळूरला नोकरी केलेला आणि आता सहा वर्षं अमेरिकेत असला तरी "पुणे" हे उत्तर पास होत नाही. "ते झालं हो, पण मूळ गाव?" मग कऱ्हाडजवळचं किंवा राजापूरजवळचं एखादं नाव बाहेर पडतं आणि विचारणारा सुटतो. त्याला हवी ती माहिती मिळालेली असते. ह्या माणसाला जेवायला बोलावलं तर भाकरी करायची की भात, तिखट किती आणि नारळ किती, वगैरे वगैरे.

गेले सात-आठ महिने मी हाच प्रश्न एका कासवाबद्दल विचारतोय. हसू नका. बॉक्स टर्टल पाळणाऱ्या माणसासाठी ह्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा प्रश्न नाही. कासवाचं गाव कळलं की त्याला खायला काय, ओल किती आणि थंडीत झोपवायचं की जागं ठेवायचं, हे सगळं कळतं. गाव नाही कळलं तर आपण त्याला प्रेमाने, मन लावून, रोज थोडं थोडं आजारी पाडत राहतो.

तर झालं असं. माझ्या टीममधला एक मित्र गेल्या वर्षी सहकुटुंब भारतात परत गेला. साताऱ्याला वडील एकटे, त्यांची तब्येत नरम, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आपला नंबर ह्या जन्मात लागणार का ह्याचं गणित काही केल्या सुटेना. निर्णय झाला. गाडी विकली, सोफा विकला, कुंड्या वाटल्या. राहिले पाटील.

पाटील म्हणजे त्यांच्या घरातलं कासव. हे नाव वहिनींनी ठेवलेलं. सकाळी उन्हाचा कवडसा पडला की मान ताठ करून, एकेक पाय मोजून टाकत हे महाराज खोलीभर फिरून यायचे, अगदी शिवार बघायला निघाल्यासारखे. वाटेत कोणाची चप्पल आली तर थांबून तिच्याकडे नापसंतीने बघायचे. म्हणून पाटील. आणि पाटील म्हटल्यावर आदरार्थी बहुवचन आलंच.

पाटलांना साताऱ्याला नेणं शक्य नव्हतं. बॉक्स टर्टलच्या जाती १९९५ पासून सायटिस ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत (मेक्सिकोतली एक जात त्याआधीपासून पहिल्या, म्हणजे अधिक कडक परिशिष्टात आहे). म्हणजे देशाबाहेर न्यायचं तर निर्यातीचा परवाना हवा, तो मिळवायला कासव मुळात कायदेशीर मार्गाने आलंय हे दाखवणारे कागद हवेत, आणि भारताच्या बाजूची कागदपत्रं वेगळी. मित्राकडे कागद एकही नव्हता. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात एका टेबलावरून रोख पैसे देऊन त्याने हे कासव आणलं होतं. विकणाऱ्याने एक छापील चिठोरं दिलं होतं. त्यावर "ईस्टर्न, कोरडी पेटी, रोज फळं" एवढंच.

मित्राची आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तू ठेवशील? पण पेट शॉपला नाही द्यायचं हं. प्रॉमिस." झालं. पाटील माझ्या घरी आले.

आता थोडी ओळख करून देतो. बॉक्स टर्टल हे उत्तर अमेरिकेतलं जमिनीवर राहणारं कासव. दिसायला आपल्याकडच्या जमिनीवरच्या कासवांसारखं, पण कुळ तळ्यातल्या कासवांचं. ह्याची खासियत म्हणजे पोटाकडच्या कवचाला असलेली बिजागरी. घाबरलं की डोकं, पाय, शेपूट सगळं आत घेऊन ते पोटाची झडप पुढून-मागून वर ओढतं आणि डबा गच्च बंद! नखसुद्धा आत जायला जागा राहत नाही. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, इंद्रियं आवरून घेतल्याचं प्रतीक म्हणून. ह्या कासवाने ते तत्त्वज्ञान फारच मनावर घेतलंय असं म्हणायला हरकत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात, जिथे मी राहतो, ईस्टर्न बॉक्स टर्टल हा १९७९ पासून अधिकृत राज्य-सरीसृप आहे. टेनेसीने १९९५ मध्ये तोच मान दिला. मिसूरीने २००७ मध्ये थ्री-टोड, म्हणजे तीन बोटांच्या कासवाला निवडलं, तर कॅन्ससने त्याआधीच, १९८६ मध्ये, ऑर्नेट म्हणजे नक्षीदार कासवाला. थोडक्यात, प्रत्येक राज्य म्हणतं, आमचं कासव ते आमचं. आणि गंमत म्हणजे ते खरंच आहे. एकच मूळ प्रोग्रॅम, पण प्रत्येक प्रदेशात कॉन्फिग फाइल वेगळी. ह्या फाइली एकेक करून बघू.

ईस्टर्न. मेन राज्याच्या दक्षिण टोकापासून जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेला मिशिगन-इलिनॉयपर्यंत. हा पानगळीच्या जंगलातला गडी. पाठ उंच घुमटासारखी, तपकिरी-काळ्या रंगावर पिवळ्या-केशरी रेघा आणि ठिपके, आणि दोन कासवांची नक्षी कधी सारखी नाही. मागच्या पायाला बोटं चार. नराचे डोळे बहुधा लाल, मादीचे तपकिरी. वस्ती ओलसर पालापाचोळ्यात. खाणं गांडुळं, गोगलगाई, पडलेली फळं आणि अळंबी. माणसाला विषारी ठरणाऱ्या अळंब्याही ह्याला पचतात. मेॲपल नावाची इथली एक रानवनस्पती आहे, तिच्या बिया ह्याच्या पोटातून जाऊन आल्या की जास्त चांगल्या रुजतात. म्हणजे कासव जंगलात राहतं आणि थोडंफार जंगल लावतंही.

हिवाळ्यात हे मातीत जेमतेम पुरून घेऊन झोपतं. इतकं उथळ, की कडाक्याच्या थंडीत शरीरातलं निम्म्याहून अधिक पाणी गोठतं आणि तरी ते दोन-तीन दिवस त्या अवस्थेत तग धरून नंतर पूर्ववत होतं. प्रयोगशाळेत हे तपासलं गेलंय.

थ्री-टोड. मिसूरी, आर्कान्सा, पूर्व ओक्लाहोमा, पूर्व टेक्सास आणि दक्षिणेला आखाताच्या दिशेने. कवच साधं, मातकट हिरवं किंवा पिवळट, नक्षी अगदी पुसट. मात्र नराच्या डोक्यावर लाल-केशरी-पांढरे ठिपके असे काही असतात की सगळी हौस तिथेच फिटावी. नावाप्रमाणे मागे बोटं तीन. हा प्रकार सोशिक. हवा थोडी कोरडी झाली, जेवण बदललं, तरी कुरकुर कमी. म्हणून नवशिक्यांना बहुतेक जण हाच सुचवतात.

२०१३ साली डीएनएच्या अभ्यासावरून ह्याला ईस्टर्नची उपजात न म्हणता मेक्सिकोकडच्या कासवांबरोबर वेगळ्या जातीत घालावं असं सुचवलं गेलं. त्यावर तज्ज्ञांचे वाद झाले. कासवाच्या तब्येतीत त्याने काही फरक पडलेला नाही.

गल्फ कोस्ट. फ्लोरिडाची वरची पट्टी आणि आखाताचा किनारा. सगळ्यांत थोराड, कवच वीस सेंटीमीटरच्याही पुढे जाऊ शकतं. कवचाची मागची कड घागऱ्याच्या घेरासारखी बाहेर वळलेली. रंग गडद, कधी जवळजवळ काळा. ह्याला पाणी प्यारं. दलदल, डबकं, ओढ्याची कड. आपल्या भाषेत पक्का कोकणी. काही अभ्यासक म्हणतात की ही स्वतंत्र उपजात नसून शेजारच्या प्रकारांची सरमिसळ आहे, आणि त्यात हिमयुगातल्या एका नामशेष थोराड प्रकाराचा अंशही असावा.

फ्लोरिडा. फ्लोरिडाच्या द्वीपकल्पातला. काळ्या कवचावर प्रत्येक खवल्यातून फुटणाऱ्या पिवळ्या रेघा, आणि चेहऱ्यावर दोन पिवळे पट्टे. दिसायला अतिशय देखणा, आणि हवा उबदार आणि दमट हवी. तिथे खरा हिवाळाच नसल्याने लांब, गाढ शीतनिद्रा ह्याच्या गावीच नाही. मिशिगनच्या कासवाचं वेळापत्रक ह्याला लावलं तर जिवावर बेतू शकतं.

ऑर्नेट. ही जातच वेगळी. नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, म्हणजे गवताळ माळ. पाठ वरून चपटी, गडद कवचावर पिवळ्या किरणांची नक्षी, आणि ती पोटाकडच्या कवचावरसुद्धा. नराच्या मागच्या पायाचं आतलं बोट आत वळलेलं. हा देशावरचा माणूस. कोरडी हवा, भरपूर ऊन आणि खोल उकरता येईल अशी भुसभुशीत जमीन. फळांपेक्षा किड्यांवर भर: नाकतोडे, भुंगे. चरणाऱ्या गुरांचं शेण उस्कटून त्यातले शेणकिडे वेचून खातो. थंडीत जमीन गोठते तसतसा खाली खाली उकरत जातो.

ह्याचाच नैर्ऋत्येकडचा भाऊ म्हणजे डेझर्ट. न्यू मेक्सिको, ॲरिझोनाचा आग्नेय कोपरा, पश्चिम टेक्सास आणि लगतचा मेक्सिको. वय वाढत जातं तशी ह्याच्या कवचावरची नक्षी विरत जाते आणि म्हातारपणी ते वाळक्या गवतासारखं एकरंगी होतं. हे दोन्ही प्रकार पेटीत लवकर खचतात. जागा बदलली की खाणं सोडतात. नवशिक्याने ह्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता पाटील. विकणाऱ्याच्या चिठोऱ्यावर ईस्टर्न. मी त्यांना उचलून मागचे पाय बघितले. डाव्या पायाला चार बोटं. उजव्या पायाला तीन!

मी पुन्हा मोजली. खिडकीपाशी नेऊन मोजली. पाटलांनी डबा बंद केला. अर्ध्या तासाने उघडल्यावर तिसऱ्यांदा मोजली. चार आणि तीन.

ह्यात चमत्कार काही नाही. तीन बोटांची ईस्टर्न कासवं असतात, चार बोटांची थ्री-टोडही असतात, आणि दोन प्रदेश जिथे मिळतात तिथे निसर्गातच संकर होतो. सीमाभागात कानडी-मराठी मिसळते तसंच. नकाशावरची रेघ आपण मारलेली, कासवाला ती कुठून माहीत असणार? त्यामुळे नुसत्या बोटांवर, नुसत्या डोळ्यांवर किंवा नुसत्या रंगावर गाव ठरत नाही. पाटलांचं कवच मातकट, त्यावर पुसट पिवळे फराटे, डोकं केशरी आणि मागची कड थोडी बाहेर वळलेली. म्हणजे तीन गावांची तीन लक्षणं एकाच अंगावर.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. पाटलांच्या पापण्या सुजलेल्या होत्या. मित्राच्या अपार्टमेंटमध्ये हिवाळाभर हीटर, त्यात काचेची कोरडी पेटी, आणि जेवायला चिठोऱ्याबरहुकूम सफरचंद आणि केळं. मुलीने सहा वर्षं एक दिवसही न चुकता भरवलं होतं. प्रेमात कसूर नव्हती. चिठोऱ्यात होती.

सरपटणारे प्राणी बघणाऱ्या एक डॉक्टरबाई गाडीने चाळीस मिनिटांवर आहेत. त्यांनी तपासून सांगितलं की अ जीवनसत्त्व कमी पडलंय आणि हवेतली ओल कमी पडलीय. पाळलेल्या बॉक्स टर्टलमध्ये हे दुखणं नेहमीचं. पापण्या सुजतात, नाक वाहतं, कधी कानामागे गळू येतं. औषध मोजून द्यावं लागतं, कारण अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी घातक, तेव्हा घरच्या घरी थेंब टाकायचे नाहीत. वय विचारलं तर म्हणाल्या, "वीस तर नक्की, वर कितीही." खवल्यांवरची वलयं मोजून वय काढता येतं असं म्हणतात, पण कासव मोठं झालं की ती झिजतात आणि हिशेब सांगत नाहीत. म्हणजे पाटील माझ्याहून वडील असण्याची चांगलीच शक्यता आहे. आदरार्थी बहुवचन योग्यच होतं.

मी त्यांना म्हटलं की मला ह्यांचं गाव शोधायचंय. त्या हसल्या. म्हणाल्या, "गाव कदाचित सापडणार नाही. सवयी सापडतील. तेवढ्यावर काम भागेल."

मग इंजिनियर माणसाने जे करायचं ते मी केलं. दोन मीटर लांबीची लाकडी पेटी बनवली. एका टोकाला भिजवलेलं शेवाळ आणि पालापाचोळा, मधे साधी माती, दुसऱ्या टोकाला कोरडी भुसभुशीत वाळूमिश्रित माती, आणि एका कडेला मान बाहेर राहील एवढंच पाणी असलेलं पसरट भांडं. वर ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबीचा दिवा. दोन्ही टोकांना आर्द्रता मोजायचे मीटर. वरून एक जुना वेबकॅम, दर अर्ध्या तासाला एक फोटो. स्प्रेडशीटमध्ये चार कॉलम. मग दोन महिने पाटील कुठे बसतात ते बघत राहिलो.

कोरड्या टोकाला पाटील फिरकले ते फक्त पाहणीसाठी. बहुतेक वेळ मुक्काम ओल्या पाल्यात. सकाळी आठ-साडेआठला पाण्यात, आणि तेही चांगलं तासभर, डोळे मिटून, पेन्शनरासारखं. गांडूळ दिसलं की झडप, मशरूम आवडीचं, सफरचंदाकडे ढुंकूनही नाही. तिसऱ्या आठवड्यात पापण्या उतरल्या. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पूर्ण उघडे बघितले. विटकरी लाल.

एका कासवाच्या आवडीनिवडीवरून त्याचं गाव सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण माळावरचे ते नव्हेत हे नक्की. दक्षिणेकडचे, पाण्याजवळचे, कुठल्या तरी सीमाभागातले. स्प्रेडशीटमधून एवढंच निघालं आणि पेटी लावायला एवढं पुरे होतं. हिवाळ्याबद्दलही सरळ निर्णय झाला. गाव माहीत नाही, नुकतंच आजारातून उठलेलं शरीर, तेव्हा पहिल्या वर्षी शीतनिद्रा नाही. दिवे आणि ऊब चालू. निरोगी ईस्टर्न असता तर डॉक्टरांना दाखवून, आधी दोन-तीन आठवडे जेवण थांबवून, पोट रिकामं झाल्यावर थंडाव्यात झोपवता आलं असतं.

इथे एक प्रश्न मला ऑफिसात निदान चार जणांनी विचारला. "अरे, मग सोडून दे ना जंगलात. तुझ्या घरामागेच तर जंगल आहे." ऐकायला पुण्याचं काम वाटतं. नाहीये.

लुसिल स्टिकल नावाच्या संशोधक बाईंनी १९४४ साली मेरीलँडमधल्या पटक्सेंट केंद्राच्या जंगलात बॉक्स टर्टलचा अभ्यास सुरू केला. कवचाच्या कडेला खुणेच्या खाचा करायच्या, पाठीवर दोऱ्याचं रीळ चिकटवायचं, आणि उलगडलेल्या दोऱ्यामागे जात ते कुठे कुठे गेलं ते नकाशावर मांडायचं. १९५० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. मोठ्या कासवाचा संसार सरासरी शंभर-सव्वाशे मीटर व्यासाच्या जागेत चालतो. बस, तेवढंच गाव. तेवढ्यात ओढा कुठे, तुतीचं झाड कुठे, थंडीत झोपायची जागा कुठे, हे सगळं त्याला पाठ. पुढे दर दहा वर्षांनी ह्याच जागेची पाहणी होत राहिली आणि तीच कासवं तिथेच सापडत राहिली.

अशा कासवाला उचलून दुसरीकडे सोडलं की बरीचशी तिथे राहतच नाहीत. घर शोधत चालत सुटतात, रस्त्यावर येतात, चाकाखाली जातात. जी राहतात ती आपल्याबरोबर पेटीतले आजार नेतात. रानाव्हायरस हा विषाणू तर वस्तीच्या वस्ती आजारी पाडू शकतो. आणि पाटलांसारखं भलत्या गावचं कासव स्थानिकांत मिसळलं तर पुढच्या पिढ्यांची कॉन्फिग फाइलच बिघडायची. ह्याच कारणासाठी दोन प्रदेशांची कासवं एका पेटीत ठेवू नयेत. पिल्लं गोंडस होतात, पण त्यांना कुठलंच गाव राहत नाही.

रस्ता ओलांडताना असं कासव दिसलं तर मदतीचा नियम एकच: ज्या दिशेला तोंड असेल त्याच बाजूच्या कडेला ठेवायचं. मागे ठेवलं तर ते पुन्हा निघणार. "सुरक्षित जागी नेऊ" म्हणून गाडीत घालून पार्कात तर अजिबात न्यायचं नाही.

पाटलांना ज्याने पहिल्यांदा उचललं असेल त्याला हे माहीत नसेल, किंवा माहीत असून फरक पडला नसेल. कारण ह्या सगळ्या प्रादेशिक फरकांना बाजारात एकच अर्थ आहे: रंग. जितकं रंगीत, तितकी किंमत. जून २०२४ मध्ये व्हर्मॉन्टच्या सीमेवरच्या वॉलेस तलावातून हवेच्या कयाकने कॅनडात जायच्या बेतात असलेल्या एका बाईला पकडलं. तिच्या बॅगेत २९ ईस्टर्न बॉक्स टर्टल निघाले, प्रत्येक एकेका मोज्यात बांधलेलं. हाँगकाँगला खेळणी म्हणून डबे पाठवल्याच्या केसेसही झाल्यात. मोज्यात बांधायचं कारण साधं आहे. कासव हललं नाही की आवाज होत नाही.

एकोणतीस हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण ही मादी एका वेळी चार-पाच अंडी घालते, पुरून निघून जाते, आणि अंड्यांतली आणि पिल्लांतली बहुतेक कोल्हे-रॅकून खातात. आपल्या संतांनी कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते असं म्हटलंय, पण इथली कासवी मागे वळूनसुद्धा बघत नाही. पिल्लू वयात यायला पाच ते दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. पन्नास वर्षं जगून एका मादीच्या मागे एक-दोन पिल्लं मोठी झाली तरी वस्ती टिकते, पण मोठी कासवंच उचलली तर तो हिशेब पुन्हा जुळत नाही. जंगल तसंच दिसतं. कासवं म्हातारी होत जातात आणि एक दिवस नसतात.

भारतातल्या वाचकांनी इथे "आमच्याकडे असलं नाही" म्हणू नये. स्टार कासव पाळणं आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०१९ पासून ते सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तरी घरात ठेवलं की पैसा येतो म्हणून ते विकलं जातंच. त्याचेही प्रदेश वेगळे आहेत: वायव्येकडचं वेगळं, दक्षिणेतलं वेगळं, श्रीलंकेतलं वेगळं. विमानतळावर जप्त केलेल्या पेटीतलं कासव कुठलं हे सांगणं अवघड, आणि ते कळल्याशिवाय परत सोडायचं कुठे हाच प्रश्न. तिथेही तिसरा प्रश्नच अडतो.

तेव्हा ज्यांना खरंच पाळायचंय (अमेरिकेत, कायद्यात बसून, आपापल्या राज्याचे नियम आधी वाचून) त्यांच्यासाठी माझं मत असं. रंग बघून प्रकार निवडू नका, आपली हवा बघून निवडा. अंगणात ठेवायचं असेल तर आपल्या भागात जो प्रकार सुखाने जगेल तोच. पाळलेल्या जोडीपासून जन्मलेलं कासव घ्या, आणि विकणाऱ्याला आई-बाप कुठल्या प्रदेशातले हे विचारा. तो उत्तर देताना चाचरला तर पैसे खिशात ठेवून निघा. चार इंचांहून लहान पिल्लू पाळायला म्हणून विकणं १९७५ पासून साल्मोनेलाच्या भीतीने बंद आहे, तेव्हा तसं कोणी देऊ लागला तर तो बाकी नियमही पाळत नसणार. आणि त्याहून सोपा मार्ग म्हणजे बचाव संस्थांकडे विचारा. पाटलांसारखी, घर बदललेली, मालक देश सोडून गेलेली भरपूर कासवं तिथे जागेची वाट बघत असतात.

हे सगळं लिहिताना मला स्वतःचा हिशेब टाळता येत नाही. माझा व्हिसा मूळ सहा वर्षांचा. त्यातली साडेतीन संपली. पुढचं कंपनी, रांग आणि नशीब ह्यांच्या हातात. पाटील अजून तीस वर्षं सहज जगतील. ते माझ्याकडे आले तेव्हाच हे उघड होतं की मी त्यांचा मालक नाही, मधला स्टेशनमास्तर आहे. म्हणून मी आता कोड लिहिताना जे कंटाळ्याने करतो ते इथे मन लावून केलंय: डॉक्युमेंटेशन. दोन पानं. काय खातात, काय खात नाहीत, पाण्यात कधी बसतात, डॉक्टरांचा फोन, औषधाच्या तारखा. चिठोरं मात्र फेकलं.

गेल्या रविवारी मित्राचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. आजोबांची तब्येत बरी आहे. मुलगी नव्या शाळेत रुळतेय. वर्गात बाईंनी गाव विचारलं तेव्हा तिने आधी राली सांगितलं, मग सातारा सांगितलं, मग बाईंनाच विचारलं की दोन लिहिली तर चालतील का. बाई म्हणाल्या, लिही.

मी फोन पेटीवर धरला. पाटील पाण्यात होते. त्यांनी मान वर केली, स्क्रीनकडे चपलेकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. ती म्हणाली, "काका, डोळे किती छान झालेत त्याचे!" मग तिने दोन पानांच्या कागदाची चौकशी केली, आणि मी सगळं वाचून दाखवलं. 'गाव' ह्या रकान्यापुढे मी "अज्ञात, दमट, बहुधा दक्षिण" असं लिहिलंय. ते तिला पटलं. फक्त एक ओळ वाढवायला लावली: "नाव पाटील. हाक मारली तर येत नाहीत, पण गांडूळ दाखवलं तर येतात."

ओळ वाढवली आहे.